साक्री तालुका : उपग्रहाच्या चित्रात खडक वेगवेगळे दिसतात का? माझ्या नकाशात तर नांगरट निघाली

कानकाठचा_पोऱ्या

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं शेत साक्री तालुक्यात. वर मुरमाड बरड, खाली नाल्याच्या अंगाला दोन एकर काळी. मागच्या चैत्रात वडिलांनी बोअर घेतला. त्याच्या आधी गावात एक माणूस फिरत होता, मोबाइलवर रंगीबेरंगी नकाशा दाखवायचा. निळं म्हणजे पाणी, लाल म्हणजे कडक पाषाण, हिरवं म्हणजे 'मध्यम'. म्हणाला, सॅटेलाइटला जमिनीखालचं तीनशे फुटांपर्यंत दिसतं. आठ हजार घेतले आणि बांधाजवळ चुन्याची फुली मारून गेला. आम्ही ३२० फूट गेलो. पहिले वीस फूट मुरूम, मग जे काळं लागलं ते संपेचना. शेवटी नुसती राखेसारखी निळसर भुकटी उडत होती, वडिलांच्या टोपीवर बसत होती, आणि ते ती झटकतही नव्हते. गाडी निघून गेल्यावर एवढंच म्हणाले, "आठे पानी लागत नही, भाऊ."

त्या माणसाचं जाऊ द्या. माझ्या डोक्यात मात्र किडा शिरला. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी., गावात सेवा केंद्र चालवतो, कॉम्प्युटर हाताखालचा आहे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात हे कळलं. नोव्हेंबरचं एक बिनढगाचं चित्र उतरवलं, क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये टाकलं, वर्गीकरणाचं प्लगइन बसवलं आणि व्हिडिओ बघत बघत पाच वर्ग पाडले : कडक बेसॉल्ट, मऊ बेसॉल्ट, मुरूम, गेरू, गाळ. नकाशा इतका देखणा आला की मी तो स्क्रीनवर लावून ठेवला.

मग मोटारसायकल काढली आणि पडताळायला गेलो. 'कडक बेसॉल्ट'च्या पाच जागा निवडल्या होत्या. तीन ठिकाणी नुकतीच नांगरलेली ओली काळी. चौथी पाझर तलावाची कड. पाचवी जागा म्हणजे शिवाजीनगरच्या सौर प्रकल्पाच्या काचा. 'गेरू' म्हणून जे आलं त्यात अर्ध्या वीटभट्ट्या होत्या, अर्धा नव्या रस्त्यावर पसरलेला मुरूम. आणि 'मऊ बेसॉल्ट'मध्ये कपाशी उभी, बोंडं फुटलेली. वेचणीच्या बाया माझ्याकडे बघून हसत होत्या, कारण मी मोबाइल धरून त्यांच्या वावरात खडक शोधत होतो.

आता मुद्दा. आमच्या शिवारातून धोंड्यांची एक रांग जाते, जवळजवळ सरळ, पूर्व-पश्चिम, दोन गावं ओलांडून. लोक तिला 'भीत' म्हणतात, पांडवांनी एका रात्रीत घातली म्हणे. शाळेतले एक सर म्हणाले, तो डाइक आहे, म्हणजे भेगेत थिजलेल्या लाव्ह्याची भिंत. भिंतीच्या वरच्या अंगाच्या विहिरींना चैत्रातही पाणी असतं, खालच्या अंगाच्या माघातच तळ दाखवतात. मला अशा सगळ्या भिंती नकाशावर आणायच्या आहेत. कोणते बँड, म्हणजे प्रकाशाचे कोणते पट्टे, घेऊ? कोणत्या महिन्याचं चित्र? आणि मुळात उपग्रहाला खडकाखडकातला फरक कळतो का, की तो मोबाइलवाला आणि मी एकाच माळेचे मणी?

पिक्सेल_भाऊ

भाऊ, नोव्हेंबरचं चित्र घेतलंस तिथेच चाक रुतलं. कपाशी उभी, गवत हिरवं, खडक दिसणार कुठून? एप्रिल-मे घे.

आणि वर्गीकरण सोड, आधी गुणोत्तरं काढून बघ. लाल भागिले निळा, म्हणजे बी ४ भागिले बी २ : तांबडं, गंजलेलं लोखंड उजळ येतं. बी ११ भागिले बी १२ : चिकणमाती उजळ येते. बी ११ भागिले बी ८ए : न गंजलेलं लोखंड असलेले खडक. ही तीन लाल-हिरव्या-निळ्यात टाक. लँडसॅट ८ या अमेरिकी उपग्रहाचं चित्र असेल तर तेच ४/२, ६/७, ६/५. पुस्तकी नुस्खा आहे, चालतो. चित्र एल२ए पातळीचं घे, त्यात हवेचा परिणाम काढून टाकलेला असतो.

मी पुण्यात बसून हेच करतो, मूळ नंदुरबारचा. बाकी जाणकार सांगतील.

देवपूरच्या बाई

पोरा, तुझा प्रश्न चांगला आहे, आणि नकाशा घेऊन वावरात गेलास हे त्याहून चांगलं. मी एकतीस वर्षं भूविज्ञान शिकवलं. देखणे नकाशे पुष्कळ बघितले, पडताळायला गेलेली मुलं थोडी.

पिक्सेलभाऊंनी सांगितलेली गुणोत्तरं बरोबर आहेत, पण त्यांच्यातला एक खड्डा सांगते, नाहीतर तू परत कपाशीतच उभा राहशील. बी ११ भागिले बी १२ नं चिकणमाती उजळते, कारण चिकणमातीतल्या ॲल्युमिनियम-हायड्रॉक्सिल बंधांमुळे २.२ मायक्रॉन लहरलांबीच्या आसपासचा प्रकाश शोषला जातो आणि बी १२ नेमका तिथे बसतो. पण हिरव्या पानातलं पाणीही त्याच बाजूचा प्रकाश खातं. म्हणून कपाशी, ऊस, केळी, सगळं 'चिकणमाती' होऊन बसतं. आधी हरित निर्देशांक काढ, हिरवं ते सगळं झाकून टाक, मग गुणोत्तर बघ.

आता मूळ गोष्ट. उपग्रहाला तीनशे फूट सोड, तीन मिलिमीटरही आत दिसत नाही. सूर्याचा प्रकाश दगडाच्या वरच्या सालीवर पडून परततो, तेवढंच त्याला कळतं. त्या सालीत गंजलेलं लोखंड असेल तर ०.९ मायक्रॉनजवळ खळगा पडतो, चिकणमाती असेल तर २.२ ला, चुनखडी असेल तर २.३ च्या पुढे. गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा पत्ता या प्रकाशात लागत नाही. तो लागतो उष्णतेच्या लहरींत, आठ-नऊ मायक्रॉनच्या पट्ट्यात. त्यासाठी ॲस्टर हे यंत्र फार उपयोगी पडलं. १९९९ च्या डिसेंबरात टेरा उपग्रहावरून ते वर गेलं, उष्णतेच्या बँडांशिवाय लघु अवरक्ताचेही सहा बँड होते त्याला. ते सहाही २००८ च्या एप्रिलपासून निकामी झाले, पण त्याआधीची चित्रं आजही मिळतात. खडक ओळखण्याची पुस्तकं उघडलीस तर अमेरिकेतल्या नेवाडामधलं क्युप्राइट नावाचं ठिकाण हमखास दिसेल. उघडे डोंगर, झाड नाही, माती नाही, आणि खाली गरम पाण्यानं बदललेले तऱ्हेतऱ्हेचे खडक. तिथे ही विद्या अशी चालते की बघतच राहावं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे एकच पीठ. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर लाव्हा आला, तो बेसॉल्ट. ज्या भेगांतून तसलाच लाव्हा वर चढला आणि भेगेतच थिजला, तो डाइक. दोघांतही तीच खनिजं, तेच फेल्डस्पार, तोच पायरॉक्सिन, तेच लोह-टायटॅनियमचे काळे कण. तव्यावरची भाकरी आणि परातीला चिकटून वाळलेलं पीठ, यांत रंगावरून फरक कर म्हटलं तर कसा करणार? त्यामुळे 'कोणते बँड घेऊ' या तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की डाइकसाठी बँडच्या मागे लागूच नकोस.

आकार बघ. सावली बघ. हिरवी रेघ बघ.

सावलीसाठी डिसेंबर किंवा जानेवारीचं चित्र. पिक्सेलभाऊंचा मे महिना रंगासाठी ठीक, रेषांसाठी नाही. का ते सांगते. सेंटिनेल आपल्यावरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला जातो. मे महिन्यात त्या वेळी सूर्य पूर्वेला बराच वर आलेला असतो, पूर्व-पश्चिम भिंतीच्या दोन्ही अंगांना सारखंच ऊन. डिसेंबरात तोच सूर्य आग्नेयेला, चाळीसेक अंशांवर. भिंतीचं दक्षिणेचं अंग उजळतं, उत्तरेचं काळवंडतं, आणि आख्खी रेघ पेन्सिलीनं ओढल्यासारखी उठून येते. तुझ्या भिंती पूर्व-पश्चिम आहेत हे तुझं नशीब. नंदुरबार-धुळे पट्ट्यातले बहुतेक डाइक त्याच दिशेचे. २००७ साली त्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात दोनशेहून अधिक डाइक उपग्रहाच्या चित्रांवरून आणि पायी फिरून नोंदवलेले आहेत, त्यातला सर्वांत लांब ७९ किलोमीटरचा. तेव्हा पांडवांना एक रात्र पुरली नसावी.

त्याच्या जोडीला उंचीचा नकाशा घे. एसआरटीएमचा ३० मीटरचा फुकट आहे, भुवन या इस्रोच्या संकेतस्थळावर कार्टोसॅटचाही आहे. क्यूजीआयएसमध्ये त्याचं छायांकन (हिलशेड) काढताना प्रकाशाची दिशा आपोआप ३१५ अंश येते, ती शून्य कर, म्हणजे ऊन उत्तरेकडून पडेल. ते खोटं ऊन आहे, उत्तरेकडून असं तिरपं ऊन आपल्याकडे कधीच पडत नाही, पण पूर्व-पश्चिम भिंतीवर याहून चांगलं ऊन मिळायचं नाही. ३६० अंश फिरवून बघितलंस तरी हरकत नाही. माझ्या वेळेला आम्ही टेबलावर कागदी चित्र ठेवून दिवा फिरवायचो तसंच.

एक ध्यानात ठेव. सगळेच डाइक उंच नसतात. काही आजूबाजूच्या खडकापेक्षा लवकर झिजतात, तिथे भिंतीच्या जागी खाच पडते, आणि नाला गुपचूप त्या खाचेत वळतो. सरळ धावणारा नाला दिसला, एकदम काटकोनात वळलेला दिसला, तर खूण करून ठेव.

हिरव्या रेघेसाठी मार्च. सगळं वाळलेलं असतं तेव्हा जिथे पाणी अडलंय तिथली झाडं हिरवी राहतात. भिंतीच्या वरच्या अंगाला बाभूळ, निंब यांचा पट्टा दिसेल आणि खालचं अंग उजाड. आता 'वरचं अंग' कोणतं, हे नदीवर ठरतं. धुळ्याच्या पुढे पांझरा उत्तरेला वळते, गिरणा-बोरीही शेवटी उत्तरेला तापीकडे जातात, तिथे पूर्व-पश्चिम भिंत त्यांना आडवी येते आणि पाणी दक्षिणेच्या अंगाला अडतं. पण तुमच्याकडे, साक्रीच्या बाजूला, पांझरा आणि कान पूर्वेकडे वाहतात. म्हणजे भिंतीला समांतर. तिथे मोठी नदी भिंतीला अडत नाही, बाजूनं येणारे लहान नाले अडतात. त्यामुळे तुझ्या विहिरी नदीवर लावू नकोस, नाल्यावर लाव.

लांबलं फार. गेरूबद्दल एकच : आपल्याकडे दोन थरांच्या मधला तांबड्या मातीचा पट्टा, म्हणजे बोल, बऱ्याचदा हात-दोन हात जाड, तोही डोंगराच्या उतारावर. बी ११ चा पिक्सेल २० मीटरचा. त्यात तो बुडून जातो. तुझा गेरू वीटभट्टी निघाला यात नवल काही नाही.

बोअर_गाडी_पारोळा

बाई, तुम्हना लेख वाची ऱ्हायनू, भारी. बाकी मराठीत लिहितो, नाहीतर पुण्यावाल्यांना कळायचं नाही.

मी गाडी चालवतो वीस वर्षं. आमचा अनुभव असा. भिंतीच्या मधोमध बिट टाकलं तर देव आला तरी पाणी लागत नाही. सलग पाषाण, सांधा नाही, बिट घासून घासून गोल होतं, भुकटी निळी-काळी, बारीक. पोऱ्यानं लिहिलंय तशीच. पण भिंतीच्या कडेला, जिथे ती बाजूच्या दगडाला चिकटलेली असते, तिथे कधीकधी खडक फुटलेला असतो. तिथे एकदा शंभरावर असं पाणी आलं की शेतकऱ्यानं माझ्याच अंगावर गुलाल टाकला. कधीकधी म्हणतोय. कायम नाही.

मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यांचा, ठिपक्यांचा दगड, लागला तर आशा. गेरू लागला तर आधी केसिंगचा विचार, नाहीतर भोक ढासळतं आणि पाणी आठवडाभर लाल येतं. मोबाइलवरचे नकाशे दाखवणारे आमच्याकडेही येतात, म्हणतात तुमच्या गाडीला गिऱ्हाईक देतो, कमिशन द्या. मी नारळवाल्या पाणाड्याला जास्त मानतो. तो निदान चुकला तर गावातच सापडतो.

पिक्सेल_भाऊ

बाईंचं डिसेंबरचं म्हणणं मान्य. मी रेषा कधी काढल्याच नाहीत, रंगच बघत आलो. एक शंका : जळगाव-सावद्याकडच्या खाणींत झिओलाइट नावाची खनिजं निघतात, स्टिल्बाइट वगैरे, सोबत अपोफायलाइटही. त्यांच्यात पाणी असतं. मग पोकळ्यांचा, झिओलाइटवाला थर तरी वेगळा दिसायला हवा ना?

देवपूरच्या बाई

चांगली शंका. झिओलाइटच्या पाण्याच्या खुणा १.४ आणि १.९ मायक्रॉनला पडतात. आणि नेमक्या त्याच ठिकाणी हवेतली वाफ सूर्यप्रकाश गिळून टाकते, म्हणून सेंटिनेल-लँडसॅटनं तिथे जमीन बघणारा बँडच ठेवलेला नाही. हातातला दगड प्रयोगशाळेच्या यंत्राखाली धर, लगेच ओळख पटेल. वरून नाही.

पारोळ्याच्या भाऊंनी कडेचं सांगितलं ते लाखमोलाचं. पोरा, भिंत सापडली की ती मधे कशी आहे आणि कडेला कशी आहे, दोन्ही बघ. मधे दाणा जरा मोठा, कडेला बारीक, कारण कडेचा लाव्हा थंड दगडाला टेकून चटकन थिजला. आणि खांब कसे आहेत ते बघ. लाव्ह्याच्या थरातले खांब उभे असतात, भिंतीतले आडवे. घराच्या भिंतीशी लाकडांची मोळी रचून ठेवावी तसे.

कानकाठचा_पोऱ्या

बाई, पिक्सेलदादा, पारोळ्याचे भाऊ, तिघांचे आभार. पंधरा दिवस लागले, पण केलं.

आधी फजिती सांगतो. डिसेंबरचं चित्र उतरवलं, उत्तरेचं ऊन पाडलं, आणि वरच्या कोपऱ्यात एक अशी सुरेख रेघ सापडली की मी ताडकन उठून उभा राहिलो. चाळीस किलोमीटर! दोंडाईच्यापासून दोन्हीकडे जाणारी! बायकोला बोलावून दाखवली. ती दोंडाईच्याची. म्हणाली, "हा आमचा रेल्वेचा मार्ग आहे." सुरत-भुसावळ लाइन. भराव, कटिंग, सगळं पूर्व-पश्चिम. तेव्हापासून घरात माझं नाव डाइक.

त्यानंतर रस्ते, कालवे, रेल्वे, विजेच्या तारांखालचा पट्टा, हे सगळं आधी एका थरात काढलं आणि मगच रेघा ओढल्या. पवनचक्क्यांच्या रांगांनीही एकदा फसवलं, त्यांच्याकडे जाणारा रस्ता कड्यावरून सरळ जातो. छाटून छाटून आमच्या आजूबाजूला सहा रेघा उरल्या. चार उंच, दोन खाचेच्या. खाचेची एक बाईंनी सांगितली तशीच निघाली, नाला तिच्यात शिरून बरंच अंतर सरळ जातो आणि मग एकदम सुटतो.

आता आमची भीत. नाला जिथे तिला कापतो तिथे रविवारी सकाळी गेलो. लहानपणापासून त्या डोहात पोहलोय, पण दगड कधी बघितलाच नव्हता. खरोखर मोळी रचलेली! पाच-सहा कोनांचे खांब आडवे, एकावर एक, टोकं आपल्याकडे. एका टोकावर सरड्यानं अंग पसरलेलं होतं. हातोडी मारली तर मधल्या दगडानं घंटेसारखा आवाज केला. कडेला गेलो, तिथला दगड काळा कुळकुळीत, इतका बारीक की दाणा दिसेना. आणि त्याच्या पलीकडे वीतभर जागेत बाजूचा खडक भाजल्यासारखा, तांबूस, नखानं खरवडला जाणारा. मी तिथे अर्धा तास बसलो असेन. रुंदी पावलांनी मोजली, अठरा पावलं. म्हणजे सेंटिनेलच्या १० मीटरच्या पिक्सेलमध्ये कशीबशी दीड. आता कळलं, वर्गीकरणाला ती का दिसली नाही. तिच्यावरून जो प्रकाश परततो त्यात निम्मा शेजारच्या बरडाचा.

मग विहिरी. नाल्यावर लावून बघितल्या. वरच्या अंगाला सात, पैकी पाचांना पाणी. खालच्या अंगाला चार, एकीलाच पाणी, आणि तीही नाल्याच्या अगदी तोंडाशी. सात आणि चारावर काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण वडिलांना बरं वाटलं.

आणि हे लिहायचं की नाही असा विचार करत होतो, पण लिहितो. ओढलेली रेघ पुढे वाढवली, जिथे ती मातीखाली जाते आणि दिसत नाही, तर ती थेट आमच्या बांधाजवळून जाते. चुन्याच्या फुलीवरून. त्या माणसानं आठ हजार घेऊन आख्ख्या शिवारात बरोबर भिंतच शोधून दिली.

बोअर_गाडी_पारोळा

हा हा हा. मोठा माणूस आहे तो. त्याला परत बोलवा, दुसऱ्या भिंतीही दाखवेल.

पण पोऱ्या, पाच पावलं बाजूला परत मारायची घाई करू नको. पैसे दुसऱ्यांदा गेले तर बाप बोलत नाही, तेच जास्त लागतं.

केळीवाला_रावेर

मधेच तोंड घालतो. आमच्याकडे खडकच नाही, सगळा तापीचा गाळ, त्यामुळे तुमच्या भिंतींचा हेवा वाटला. पण चित्रांचा उपयोग आम्हालाही झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्यांचा, धोंड्यांचा पट्टा आहे, बझाडा म्हणतात. डोंगरातून उतरलेले नाले तिथे येऊन जिरतात. उन्हाळ्याच्या चित्रात पंख्यासारखे फिकट आकार स्पष्ट दिसतात आणि खालून केळीचा गडद हिरवा सुरू होतो. पाणी भरायचं तर त्या पंख्यांच्या डोक्याशी, खाली गाळात तळी खणून फार उपयोग नाही, हे आम्ही चित्र बघूनच मंडळाच्या बैठकीत मांडलं. खडक ओळखणं नाही म्हणता येणार, पण जवळचंच.

देवपूरच्या बाई

रावेरकर, गोटे हेही खडकच, फक्त प्रवासाला निघालेले.

पोरा, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. वीतभर भाजलेली कड तुला दिसली, ती बघायला मी मुलांना बसमधून कुठे कुठे नेत असे. भिंतीनं बाजूच्या जुन्या थराला भाजलं, म्हणजे भिंत नंतरची. एवढी एक वीत बघून दोघांत आधीचा कोण हे सांगता येतं.

पण फुलीबद्दल घाई करू नकोस. दिसणारी रेघ फूटपट्टी लावून मातीखाली वाढवायची नसते. डाइक सरळ जाता जाता तुटतात, आणि पुढचा तुकडा बाजूला पाऊल टाकून सुरू होतो. जिन्याच्या पायऱ्यांसारखं. बोअरची भुकटी ठेवली असलीस तरी त्यातून उलगडा व्हायचा नाही, दाण्याचा चुरा झालेला असतो आणि दोन्हींचं पीठ एकच. फुलीच्या दोन्ही बाजूंना, नाल्यापासून बांधापर्यंत, पायी जा. माती कुठे पातळ होते, मुरमाचा रंग कुठे बदलतो, धोंडे कुठे जास्त फुटतात ते लिही. जीएसआयचे, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे, नकाशे भूकोश या संकेतस्थळावर आहेत, त्यांच्याशी ताडून बघ. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं कार्यालय धुळ्यात आहे, तिथे निरीक्षण विहिरींच्या नोंदी विचार. आणि दर पौर्णिमेला तुझ्या अकरा विहिरींत दोर सोडून पाण्याची पातळी मोज. पुढच्या जेठापर्यंत.

रेघांची फाइल इथे टाक. मला बघायची आहे. चष्मा बदलून घेतलाय.

कानकाठचा_पोऱ्या

बाई, फाइल काल रात्रीच टाकणार होतो, राहिली. कारण सांगतो.

वडील कधी कॉम्प्युटरजवळ येत नाहीत. काल जेवण झाल्यावर आले, मागे उभे राहून बराच वेळ बघत होते. मग स्क्रीनला बोट लावून म्हणाले, ही रेघ इथे चुकलीय. चिंचेपाशी भीत तुटते, आणि पुढची वरच्या अंगानं निघते. लहानपणी त्या खिंडीतून शेळ्या काढायचो आम्ही. मी म्हटलं, चित्रात तर सलग दिसतेय. ते म्हणाले, चित्राने शेळ्या चारल्या का?

आज पहाटे गेलो. चिंच अजून आहे. भीत तिच्या मुळाशी संपते, आणि पुढचा तुकडा उत्तरेला सरकून सुरू होतो. बावीस पावलं. मधे खिंड, तिथे बारीक लेंड्यांचा थर. चित्रात दोन पिक्सेलांचा फरक, मी तो जोडून टाकला होता.

रेघ दुरुस्त केली. आता ती वाढवली तर आमच्या फुलीवरून जात नाही, वरच्या अंगानं जाते. म्हणजे बोअर भिंतीवर नव्हताच की काय, की मातीखाली ती अजून एकदा सरकते, ते नव्यानं चालून बघावं लागणार. उद्या वडीलही येतो म्हणालेत. फाइल संध्याकाळी टाकतो, रेल्वेचा थर वेगळा ठेवलाय.